मे महिन्यात तगेल ती जास्वंद

बिदरच्या बाजारात फुलवाली तिला दासवाळ म्हणते, आमच्या घरात ती जास्वंद. दोन्ही नावं ऐकत वाढल्यामुळे कोणतं मूळ आणि कोणतं बदललेलं, या वादात मी कधी पडलो नाही. देवीला आणि गणपतीला लागणारं लाल फूल एवढीच तिची ओळख पुरत होती. चार वर्षांपूर्वी हौसेनं एका रोपवाटिकेतून चार संकरित जास्वंदी आणल्या आणि ती ओळख अपुरी ठरली. ताटलीएवढी फुलं: एक केशरी, एक दुधी पाकळ्यांची आणि जांभळ्या गाभ्याची, एक राखाडी झाक असलेली, एक भडक पिवळी. दिवाळीपासून होळीपर्यंत गच्चीवर नुसती चैन. अक्षयतृतीयेच्या सुमारास कळ्या पिवळ्या पडून गळू लागल्या आणि मे संपायच्या आत चारांतल्या दोन वाळून गेल्या. त्याच गच्चीवर गंजक्या तेलाच्या डब्यात आईनं लावलेली देशी लाल जास्वंद मात्र रोज चार फुलं देत होती.

दोष रोपांचा नव्हता. मोठ्या फुलांच्या संकरित जास्वंदी घडल्या त्या मुख्यतः हवाई बेटं, फ्लोरिडा आणि ऑस्ट्रेलियाचा किनारा अशा दमट हवेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाईतल्या हौशी लोकांनी तिथल्या रानजास्वंदी आणि बाहेरून आणलेल्या जाती यांचे संकर केले, तिथून ही सगळी वंशावळ फुटली. आपलं कोळार गाव बिदरच्या पठारावर. खाली जांभ्याचा दगड, वर तांबडी माती, एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणारं कोरडं ऊन, आणि उन्हाळ्यात झाडांना मिळतं ते बोअरचं जड पाणी. या उन्हासाठी जास्वंद कोणी घडवली नाही. मग ती आपणच घडवावी. घरच्या बागेत संकर करायचा तर माझ्या मते हेच कारण पटण्यासारखं आहे. नवा रंग बाजारात रोज मिळतो. तुमच्या गच्चीवर मे महिना काढणारं फूल विकत मिळत नाही.

हा विचार माझा एकट्याचा नाही. एम. एस. वीरराघवन हे आंध्र प्रदेशात प्रशासकीय सेवेतले अधिकारी. हैदराबादला, म्हणजे आपल्यापासून तीन-चार तासांच्या अंतरावर, त्यांना गुलाबाचा नाद लागला. युरोपातले गुलाब आपल्या उन्हात दमतात हे त्यांच्या ध्यानात आलं. 1980 मध्ये मुदतीआधी निवृत्ती घेऊन ते कोडाइकनालला गेले आणि तिथे त्यांनी भारतातले दोन रानगुलाब संकरात आणले. ओलसर जागी वाढणारा आणि उष्णता सोसणारा रोझा क्लिनोफायला हा एक, आणि ईशान्येकडचा रोझा जायगँटिया हा दुसरा. ‘मणिपूर मॅजिक’ ही जायगँटियाच्या वंशातली त्यांची एक जात. त्यांच्याही आधीचे डॉ. बी. पी. पाल. ते गव्हाचे शास्त्रज्ञ, 1965 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. पण गुलाबाच्या नव्या जाती काढण्याचा छंद त्यांनी आयुष्यभर जपला. मोठी माणसं हाताशी प्रयोगशाळा असताना हे करत होती असं वाटेल, पण संकराला लागणारं मुख्य सामान म्हणजे चिमटा, दोरा, पेन्सिल आणि फुलाची वाट बघायची तयारी. शेवटची गोष्ट दुकानात मिळत नाही एवढंच.

हात बसवायला गुलबास

थेट जास्वंदीला हात घालू नका. आधी गुलबासावर शिका. रोप फुकट मिळतं, वाया गेलं तर वाईट वाटत नाही, आणि एका फुलाला एकच बी धरतं, त्यामुळे कोणाचं मूल कोण हा गोंधळ होत नाही. कन्नडमध्ये याला संजेमल्लिगे, म्हणजे संध्याकाळची मोगरी म्हणतात. नाव चोख आहे, कारण फूल दुपारी चार-पाचच्या पुढे उमलतं आणि सकाळी मिटतं. मिटताना पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकमेकांत गुंडाळले जातात आणि फूल स्वतःच स्वतःचं परागण करून घेतं. आपल्याला हेच थांबवायचं आहे.

दुपारी दोन-तीनच्या सुमारास आज उमलणारी फुगीर कळी निवडा. सुईनं कळीची नळी उभी चिरून आतले पाच पुंकेसर चिमट्यानं काढून टाका. मधला लांब दांडा तेवढा राहू द्या, तोच स्त्रीकेसर. संध्याकाळी दुसऱ्या रंगाच्या झाडाचं नुकतं उमललेलं फूल घेऊन त्याचे परागकण या दांड्याच्या टोकाला टेकवा. दांड्याला रंगीत दोरा बांधा. दोनेक आठवड्यांत हिरव्या वाटीत काळं, सुरकुतलेलं बी दिसेल. ते गळायच्या आत काढून घ्या. घरात लहान मुलं असतील तर जपून, गुलबासाचं बी विषारी असतं.

एकाच रंगाची स्वच्छ फुलं देणारी झाडं घ्या, ठिपक्यांची आणि पट्ट्यांची नकोत. लाल आणि पांढऱ्याचा संकर केला तर मुलं बहुधा गुलाबी येतात. त्या गुलाबी झाडांचं बी, दुसऱ्या कोणाचा पराग न लागू देता, पुन्हा पेरलं तर सरासरी चारांत एक लाल, दोन गुलाबी आणि एक पांढरं अशी वाटणी दिसते. पांढरा रंग नाहीसा झालेला नसतो, एक पिढी गप्प बसलेला असतो. मेंडेलचे नियम 1900 मध्ये पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी कार्ल कोरेन्स याच गुलबासावर काम करत होता. त्यानंच 1909 मध्ये दाखवलं की हिरव्या-पांढऱ्या चित्रविचित्र पानांचा गुण फक्त आईकडून येतो, बापाचा तिथे काही संबंध नाही. म्हणून वहीत संकर लिहिताना आईचं नाव आधी आणि बापाचं नंतर, ही जगभरची रीत पहिल्या दिवसापासून पाळा. ‘लाल × पांढरा’ आणि ‘पांढरा × लाल’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

जास्वंद

आता मुख्य कामाकडे. आपली देशी लाल जास्वंद बी जवळजवळ धरत नाही. शेकडो फुलं आली तरी बोंड दिसत नाही, आणि तिचा पराग दुसऱ्या जातींना लावला तरी क्वचितच काही निष्पन्न होतं. हा पहिला अपेक्षाभंग. ज्या झाडाचा टिकाऊपणा हवा, तेच मूल द्यायला तयार नाही. पण तिची दुसरी सोय आहे, ती पुढे सांगतो.

आईबाप म्हणून तुमच्या परिसरात दोन-तीन उन्हाळे काढलेल्या एकेरी पाकळीच्या जाती घ्या. शेजाऱ्यांच्या कुंपणावर, शाळेच्या, दवाखान्याच्या आवारात शोधा. कळी मागायला लाजू नका; लोक फूल द्यायला कुरकुरतात, पण ‘पराग पाहिजे’ म्हटलं की कुतूहलानं हो म्हणतात. झुंबरासारखी खाली लोंबणारी, कातरलेल्या पाकळ्यांची पूर्व आफ्रिकेतली जास्वंदही मिळाली तर ठेवा. तिचा आणि नेहमीच्या जास्वंदीचा संकर होतो आणि झाडं चिवट निघतात. दाट, भरगच्च पाकळ्यांच्या फुलांत पुष्कळदा पुंकेसरांचीच पाकळी झालेली असते. त्यांना पराग कमी, पण मधल्या दांड्याच्या टोकाला पाच गोल ठिपके नीट दिसत असतील तर आई म्हणून चालतात. हे पाच ठिपके म्हणजे स्त्रीकेसराची टोकं, आपलं सगळं काम तिथंच.

मोसम महत्त्वाचा. पठारावर कोजागरीपासून होळीपर्यंतचा काळ चांगला. त्यातही नोव्हेंबर आणि फेब्रुवारी उत्तम. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बोंड सावकाश वाढतं. उन्हाळ्यात प्रयत्न केलात तर पराग वाळलेला निघेल आणि धरलेलं बोंडही गळेल. पावसात पराग भिजून चिकट होतो.

सकाळी फूल उमलताना, पुंकेसरांच्या गाठी फुटून पिवळी भुकटी सुटायच्या आत आई-फुलाच्या दांड्यावरचे पुंकेसर बोटाच्या चिमटीनं खुडून टाका. आठ-नऊच्या सुमारास बाप-फूल तोडून आणा, त्याच्या पाकळ्या फाडून टाका आणि उरलेला दांडा ब्रशासारखा धरून आईच्या पाचही ठिपक्यांवर हलक्या हातानं फिरवा. ब्रश, कापसाची काडी यांचं नवशिक्यांना फार कौतुक असतं. जास्वंदीला त्यांची गरज नाही. पाचही ठिपके पिवळे दिसेपर्यंत लावा, अर्धवट लावलं तर बोंडात बिया कमी भरतात. बाप-फूल आदल्या दिवशी लांबून आणलं असेल तर ते कोरड्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी पराग चालतो.

मग वाट बघणं. दोन दिवसांत पाकळ्या गळून पडतात. देठासकट सगळं गळलं तर संकर फसला. हिरवी वाटी जागेवर राहिली आणि आठ-दहा दिवसांत तिच्या पोटात फुगवटा दिसला तर जमलं. पहिल्या वर्षी मी सदतीस फुलांना पराग लावला आणि बोंडं धरली चार. मित्रानं विचारलं, तुझी चूक कुठे झाली? बहुधा कुठेच नाही. जास्वंदीचा हिशेबच असा असतो. एकाच जोडीवर अडून बसू नका, आईबापांची अदलाबदल करून बघा. काही जाती आई म्हणून हट्टी आणि बाप म्हणून उदार निघतात.

बोंड पिकायला सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात पिठ्या ढेकूण येतातच. कापूस साबणाच्या पाण्यात बुडवून पुसून काढा, फवारणीनं बोंड गळण्याची भीती असते. पिकलं की ते तपकिरी होऊन तडकतं आणि बिया उडतात. म्हणून पाचव्या आठवड्यात त्यावर लग्नात अक्षता-बडीशेप देतात तसली जाळीची पोटली बांधा. आमच्याकडे अशा पोटल्यांचा साठा कपाटात कायम असतो, तो असा कामाला आला.

आता लेबल. याच्यात मी सगळ्यात जास्त मार खाल्ला. पहिल्या वर्षी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर मार्करनं लिहिलं होतं. एप्रिलच्या उन्हानं शाई अशी पुसली की चारही बोंडांच्या बिया अनाथ झाल्या. त्यांतली एक पुढे फार सुंदर फुलली, पण तिचे आईबाप कोण हे आता कधीच कळायचं नाही, आणि तो संकर पुन्हा करता यायचा नाही. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कात्रीनं कापा, त्यावर रिफिल संपलेल्या बॉलपेननं दाबून लिहा. अक्षर कोरलं जातं, ऊन त्याचं काही करू शकत नाही. त्यावर फक्त क्रमांक टाका. बाकी सगळं वहीत: आई, बाप, तारीख, वेळ, त्या दिवशीची हवा, बोंड धरलं की नाही, बिया किती. फसलेले संकरही लिहा. दुसऱ्या वर्षी त्याच नोंदींनी मला सर्वांत जास्त वाचवलं, कारण कोणती जोडी जमत नाही हे वाचून कळत होतं.

बी टणक असतं. नखं कापायच्या यंत्रानं टोकाच्या विरुद्ध बाजूचं कवच किंचित तासा. आतला पांढरा भाग जेमतेम दिसला की थांबा. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओलसर कोकोपीटमध्ये पेरा. एक ते दोन आठवड्यांत उगवतं. चार पानं आली की लहान कुंडीत: अर्धी तांबडी माती, पाव भाग शेणखत, पाव भाग कोकोपीट किंवा वाळू. काळी माती कुंडीत नको, ती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. जड पाण्यानं पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी पडतंय असं समजा. पावसाळ्यात पिंपात पाणी साठवून लहान रोपांना तेवढंच द्या.

पहिलं फूल नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कधीही येतं. संकरित जास्वंदीचे आईबाप स्वतःच मिश्र रक्ताचे असल्यामुळे एका बोंडातली दहा भावंडं दहा तऱ्हेची असतात. गुलबासाचं चारांत एक हे गणित इथे विसरा. दोन पिवळ्यांच्या पोटी गुलाबी येईल, आणि ज्याची वाट पाहिली तो राखाडी रंग कुठेच दिसणार नाही.

टाकून देणं

संकर करणं सोपं आहे, टाकून देणं कठीण. दोन वर्षं वाढवलेलं रोप पहिल्यांदा फुलतं तेव्हा ते सगळ्यात सुंदर वाटतं. त्या आठवड्यात कोणताही निर्णय घेऊ नका. पण वर्षभरानं घ्या, नाहीतर गच्चीवर पाय ठेवायला जागा उरणार नाही आणि पुढच्या संकराला कुंडी मिळणार नाही.

मी माझ्या रोपांना एकच परीक्षा लावतो. पहिला उन्हाळा सावलीच्या जाळीखाली, कारण तेव्हा ती लहान असतात. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये जाळी काढायची, सगळ्यांना सारखं पाणी, सकाळी एकदाच. मेच्या तिसऱ्या आठवड्यात वही घेऊन बसायचं आणि तीन गोष्टी बघायच्या: कळी उमलते की पिवळी पडून गळते, दुपारी पान लोंबलं तर संध्याकाळी परत उभं राहतं का, आणि फूल दुपारनंतरही रंग धरतं का. रंगावर एकही गुण नाही. गेल्या वर्षीच्या एकोणीस रोपांतली तीन या परीक्षेत उतरली. त्यांतलं एक फूल अगदी साधं, फिकट गुलाबी, मुलगी त्याला ‘फाटक्या रुमालाचा रंग’ म्हणते. मी तेच पुढच्या संकराला आई म्हणून ठेवलं, कारण उन्हातली पहिली पायरी त्यानं चढली आहे. रंग पुढच्या पिढीत भरता येईल. उरलेली सोळा रोपं शाळेच्या कुंपणाला आणि देवळाच्या अंगणाला दिली. तिथे ती मजेत आहेत.

निवडलेलं झाड वाढवायचं ते बियांनी नव्हे, बी पुन्हा सगळं विस्कटून टाकेल. छाट कलम किंवा गुटी करा. आणि इथे देशी लाल जास्वंद कामाला येते: तिची पेन्सिलएवढी जाड फांदी मुळावून घ्या, खुंट तयार झाला की त्यावर आपल्या नव्या जातीची पाचर कलम बांधा. मुळं देशी, फूल आपलं. जी मूल देत नाही, ती दुसऱ्याच्या मुलाला पोसते.

बाकीची फुलं, थोडक्यात

अ‍ॅडेनियम आपल्या हवेत उत्तम चालतं. त्याचा पराग फुलाच्या नळीत सुळक्याच्या आत लपलेला असतो, टूथपिकनं काढून दुसऱ्या फुलाच्या तशाच फटीत घालावा लागतो. धरलं की शिंगांसारख्या दोन शेंगा येतात. त्या दोऱ्यानं बांधून ठेवा, नाहीतर कापूस लावलेल्या बिया वाऱ्याबरोबर शेजाऱ्याकडे. चीक विषारी आहे, हात धुवा.

गुलाबाची कळी उमलायच्या आदल्या दिवशी पाकळ्या आणि पुंकेसर काढून कागदी पिशवी बांधा, दुसऱ्या दिवशी पराग लावा. फळ पिकायला साडेतीन-चार महिने, मग बिया ओल्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये महिना-दीड महिना. घरातल्या लोकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ती पुडी खराब झालेलं आलं समजून कचऱ्यात जाते.

झेंडूत एक गंमत आहे. मोठ्या आफ्रिकन झेंडूची गुणसूत्रं 24, बुटक्या फ्रेंच झेंडूची 48. दोघांचं मूल 36 चं, म्हणजे वांझ. बी धरता येत नसल्यामुळे ते झाड नुसतं फुलतच राहतं. माळीकामात वांझपणा हा गुणही असतो.

एक इशारा. गुणसूत्रं दुप्पट करायला कोल्चिसिन वापरा, असा सल्ला कुठे ना कुठे वाचायला मिळेल. आपल्या रानातल्या कळलावीत असतं तेच हे द्रव्य, आणि ते जीव घेऊ शकतं. घरात त्याला जागा नाही.

जात खरोखर चांगली निघाली आणि नाव नोंदवायचं झालं, तर जास्वंदीची जागतिक नोंद ऑस्ट्रेलियन हिबिस्कस सोसायटी ठेवते. 1959 नंतर नव्या बागायती जातींना लॅटिन नाव देता येत नाही, त्यामुळे मराठी नाव द्यायला काहीच आडकाठी नाही. हक्कांचा प्रश्न आला तर आपल्याकडे 2001 चा वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा आहे. त्यात गुलाबासारख्या पिकाच्या वाणाला 15 वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं, आणि दुसऱ्याचा नोंदवलेला वाण आपल्या संकरात आई किंवा बाप म्हणून घेण्याची मुभाही आहे. मात्र तोच वाण दरवर्षी पुन्हापुन्हा वापरल्याशिवाय तुमची जात तयारच होत नसेल, तर मूळ मालकाची परवानगी लागते. तांत्रिक शंका असेल तर बिदरच्या उद्यानविद्या महाविद्यालयात जाऊन विचारा.

यंदाच्या फेब्रुवारीत मी त्या फिकट गुलाबीवर राहिलेल्या केशरी जास्वंदीचा पराग लावला. नऊ फुलांपैकी दोन बोंडं धरली, त्यांतून सतरा बिया, तेरा उगवल्या. पत्र्यावर क्रमांक कोरून ठेवलेत. सध्या ती जाळीखाली आहेत, चार-चार पानांची. जाळी काढायला पुढचा मार्च.